'भांडे' : एका शब्दाचा अर्थेतिहास

मराठीचा कोणताही कोश उघडला, तरी 'भांडे' या शब्दाचा पहिला अर्थ 'पात्र' असाच दिलेला आढळतो. संस्कृत 'भाण्ड' शब्दाची स्थिती याहून निराळी नाही. आपट्यांच्या १८९० च्या कोशात आणि मोनियर विल्यम्सच्या १८९९ च्या कोशातही पात्र प्रथम येते. मग उपकरण, अश्वाची साजसामग्री, वाद्य, विक्रीचा माल, भांडवल हे अर्थ मागून येतात. वाचकाची समजूत सहजच अशी होते की, मुळात 'भाण्ड' म्हणजे पोकळ पात्र. पात्रात माल भरीत म्हणून त्याचा अर्थ माल झाला, आणि मालावर व्यापार चाले म्हणून पुढे भांडवल झाला. ही मांडणी सुबक आहे. परंतु कोशातील अर्थांचा क्रम हा पुष्कळदा कोशकाराच्या तर्काचा क्रम असतो. तो काळाचा क्रम आहे, असे गृहीत धरण्यास स्वतंत्र पुरावा लागतो. 'भांडे' शब्दाच्या बाबतीत असा पुरावा मिळत नाही, उलट दुसऱ्याच दिशेकडे बोट दाखविणारी साधने बरीच आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम अमरकोश घेऊ. अमरसिंहाने हा शब्द दोन ठिकाणी नोंदविला आहे. एकदा तो आवपन, पात्र, अमत्र, भाजन यांच्या पंक्तीत बसतो, आणि ही पंक्ती वैश्यवर्गात आहे. दुसऱ्यांदा तो नानार्थवर्गात येतो. तेथे घोड्याचे आभरण, पात्र आणि वाण्याचे मूळ धन असे तीन अर्थ सांगितले आहेत. या तिघांना एकत्र बांधणारे सूत्र कोणते? पोकळपणा हे सूत्र मानले तर घोड्याचे आभरण बाहेर पडते. याउलट 'ज्याच्यावाचून त्या त्या माणसाचा व्यवहार चालत नाही ती सामग्री' हे सूत्र मानले, तर तिन्ही अर्थ आपोआप जागच्या जागी बसतात: स्वाराची सामग्री म्हणजे घोड्याचा साज, वाण्याची सामग्री म्हणजे त्याचे मूळ धन, आणि रांधणाऱ्याची सामग्री म्हणजे त्याची पात्रे. नाट्यशास्त्रात चर्मवाद्यांना 'भाण्ड' म्हटले आहे, ते वादकाच्या सामग्रीत पडतात. मृदंगासारखे वाद्य पोकळही असतेच, त्यामुळे एवढ्या एका उदाहरणावर भर देणे योग्य होणार नाही. घोड्याच्या साजाला मात्र ती पळवाट नाही.

पालीची साक्ष याहून स्पष्ट आहे. पालीत 'भंड' म्हणजे प्रामुख्याने माल, चीजवस्त, मालमत्ता. आणि त्याखालोखाल उपकरण. पात्राकरिता त्या भाषेत 'भाजन' आणि भिक्षूच्या पात्राकरिता 'पत्त' हे शब्द रूढ आहेत. विनयपिटकात संघाच्या ज्या वस्तू कोणा एका भिक्षूला देता येत नाहीत किंवा आपसांत वाटून घेता येत नाहीत, त्यांना पुढे 'गरुभंड' असे नाव मिळाले. त्या वस्तूंत विहार आहे, मंचक आहे, लोखंडी घागर आहे, कुऱ्हाड आहे, वेत आणि बांबूही आहेत; लाकडी वस्तूंना 'दारुभंड' आणि मातीच्या वस्तूंना 'मत्तिकाभंड' म्हटले आहे. कुऱ्हाड आणि मंचक ज्या शब्दाच्या पोटात मावतात, त्या शब्दाचा अर्थ 'पात्र' असू शकत नाही. जैन साधूंच्या पाच समित्यांपैकी चौथीच्या प्राकृत नावातही 'भंड' हा शब्द येतो. तेथे साधूने जवळची उपकरणे उचलताना व ठेवताना जीवहिंसा होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी अभिप्रेत आहे. मराठीची परंपरा प्राकृतातून आलेली असल्यामुळे ही दोन्ही साक्षी आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरतात.

संस्कृत धर्मशास्त्र आणि अर्थशास्त्र यांत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील ४०५ वा श्लोक या दृष्टीने मोठा मार्मिक आहे. विषय नदीच्या उताराचा, म्हणजे तरीच्या कराचा आहे. 'भाण्डपूर्ण' गाड्यांनी मालाच्या मोलाप्रमाणे कर द्यावा आणि 'रिक्तभाण्ड' असतील त्यांनी अगदी थोडा द्यावा, असा तेथे नियम आहे. पहिल्या समासात 'भाण्ड' म्हणजे माल. दुसऱ्यात बहुतेक भाषांतरकार रिकामे पात्र समजतात. एकाच श्लोकात, एकाच नाक्यावर, शब्द एकदा आधेय आहे आणि एकदा आधार. कौटिल्य मात्र शुल्काध्यक्षाच्या प्रकरणाच्या शेवटी हा शब्द निखळ मालाच्या अर्थाने योजतो: राष्ट्राला पीडा देणारे व निष्फळ 'भाण्ड' येऊ देऊ नये, आणि फार उपयोगाचे असेल त्यावर शुल्क घेऊ नये, असा त्याचा सल्ला आहे. येथे पात्राचा मागमूसही नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. आधारावरून आधेयाचा बोध होणे ही लक्षणेची सर्वपरिचित रीत आहे; 'त्याने दोन ताटे संपविली' असे म्हणताना आपण धातू खाल्ल्याचे कोणी समजत नाही. मग पात्रावरून मालाचा अर्थ का येऊ नये? येऊ शकतो, हे मान्यच करावे लागेल. प्रश्न शक्यतेचा नाही. व्यापक अर्थाचा शब्द संकोच पावून एका विशिष्ट वस्तूला चिकटणे हीदेखील तितकीच परिचित रीत आहे. 'मृग' म्हणजे पशू, तो हरिण झाला. फारसीतून आलेले 'जनावर' म्हणजे जिवंत प्राणी, त्याचा अर्थ आपल्या खेड्यांत रात्रीच्या वेळी नेमका साप असा होतो. दोन शक्य मार्गांपैकी शब्द कोणत्या मार्गाने गेला हे ठरविताना, त्याच शब्दाची पुढची वाटचाल कोणत्या दिशेने झाली हे पाहणे उपयोगी पडते; आणि मराठीत ती वाटचाल डोळ्यांसमोर घडलेली आहे. 'भांडी' या अनेकवचनात स्वयंपाकघरातील सारी पात्रे येतात. परंतु 'तांब्याभांडे' या जोडशब्दातील भांडे म्हणजे केवळ पाणी पिण्याचे लहान पात्र. पाहुण्यापुढे तांब्याभांडे ठेवावयास सांगितले असता कोणतीही गृहिणी तांब्याबरोबर परात नेणार नाही. मालाचे पात्र झाले, आणि पात्राचे फुलपात्र झाले. संकोचाची दिशा एकच आहे.

मूळचा व्यापक अर्थ मराठीतून नाहीसा झाला असे मात्र नाही. तो समासांत शिरून टिकून राहिला. 'भाण्डागार' म्हणजे मालाचे घर. त्यातील गकाराचा लोप होऊन 'भंडार' झाले, जसे कोष्ठागारापासून कोठार. 'भांडार' हे रूप संस्कृताच्या सान्निध्याने दीर्घ राहिले. शब्दातील 'आगार' पूर्णपणे विसरले गेल्याचा पुरावा म्हणजे आपला 'भांडारगृह' हा शब्द. त्यात घर दोनदा आले आहे आणि कोणालाही ते खटकत नाही. या शब्दाची महाराष्ट्रातील प्राचीनता नाशिकच्या पांडवलेण्यांत पाहावयास मिळते. तेथील चैत्यगृहाच्या एका ब्राह्मी लेखात भटपालिका नावाच्या स्त्रीचे दान नोंदलेले आहे. ती आपली ओळख करून देताना पित्याचे, पतीचे आणि पुत्राचे नाव सांगते. पती अगियतणक हा राजामात्य असून त्याचे अधिकारपद 'भाडाकारिक' असे कोरलेले आहे. अनुनासिक न लिहिण्याची तत्कालीन लेखांची सवय लक्षात घेतली, म्हणजे हा 'भाण्डागारिक', म्हणजेच राजाच्या भांडाराचा अधिकारी, हे उघड होते. त्याच अधिकारपदाची आठवण 'भांडारी', 'भांडारकर' या आडनावांत राहिली आहे. पुण्याच्या ज्या संशोधनमंदिरात १९१७ पासून हस्तलिखितांचे भांडार जतन झाले, त्याचे नाव भांडारकरांवरून पडावे, हा योगायोग भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारा आहे.

'भांडवल' शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. त्याची व्युत्पत्ती 'भाण्डमूल्य' या समासाकडे नेण्यात येते. दोन स्वरांमधील मकाराचा वकार होणे मराठीत नित्याचे आहे. ग्रामाचे गाव आणि नामाचे नाव त्याच वाटेने झाले. 'मोल' हा शब्द स्वतंत्रपणे जिवंत असूनही समासात तो ओळखू येईनासा झाला, आणि त्यामुळेच 'भांडवल' उच्चारताना आज कोणालाही भांडे आठवत नाही. अमरसिंहाने सांगितलेले वाण्याचे मूळ धन ते हेच. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत अर्थशास्त्राची परिभाषा मराठीत बनत गेली, तेव्हा हा बाजारातील शब्द नव्याने घडवावा लागला नाही. भागभांडवल, भांडवलदार, भांडवलशाही हे शब्द त्याच्यावर सहज उभे राहिले. 'एखाद्या गोष्टीचे भांडवल करणे' हा प्रयोग तर निंदाव्यंजक झाला आहे. दुसऱ्याच्या चुकीचेही भांडवल होते.

येथे एक गोष्ट शब्दकोशाबाहेरची, परंतु अर्थाच्या इतिहासाला जवळची, नमूद करावीशी वाटते. पात्र आणि धन हे दोन अर्थ भाषेत वेगळे झाले, तरी व्यवहारात ते बराच काळ एकत्र राहिले. तांब्यापितळेची भांडी ही मराठी कुटुंबाची साठवण होती. त्यांवर नाव घालण्याची चाल होती. लग्नात ती दिली जात, अडचणीच्या वेळी गहाण पडत, आणि फुटली तरी मोडीला त्यांची किंमत येई. दाराशी येणारी बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देई, तेव्हा त्या सौद्यात भांडे हे शुद्ध 'पण्य' असे, म्हणजे अगदी पाली अर्थाचे 'भंड'. नाशिकच्या भांडीबाजारात तांब्यापितळेचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला. तेथे उभे राहिले असता, पात्र कोठे संपते आणि माल कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण जाते. अर्थांची विभागणी कोशात जितकी स्वच्छ दिसते तितकी ती वापरात नसते.

वाक्प्रचारांत मात्र सर्वत्र पात्राचाच अर्थ आहे. 'जीव भांड्यात पडणे' यात सांडू पाहणारी वस्तू सुरक्षित जागी पडल्याची कल्पना दिसते. 'ताकाला जाऊन भांडे लपविणे' यात संदिग्धता नाही. 'भांड्याला भांडे लागणारच' या म्हणीमुळे 'भांडण' शब्द भांड्यांशी जोडण्याचा मोह लोकांना होतो. तो टाळावा. 'भांडण' याचे मूळ निराळे असून पालीत कलहवाचक 'भंडन' शब्द स्वतंत्रपणे मिळतो.

आता ज्या अर्थाने हा सारा विचार केवळ भाषाशास्त्रापुरता राहत नाही, त्याकडे वळू. मराठेशाहीच्या बखरींत आणि पत्रांत 'भांडे' म्हणजे तोफ. गडावर भांडी चढविली जातात, बुरुजावर भांडी बसविली जातात, भांड्यांचा मार होतो. हा अर्थ मालाकडून आला की पात्राकडून? सामग्री या व्यापक अर्थातून तो येणे अशक्य नाही. तरीपण पात्राकडे कौल द्यावा लागतो, कारण तोफेविषयी बोलण्याची मराठी रीतच पात्राची आहे. तोफेला तोंड असते, ती भरली जाते, तिला कान असतो, आणि निकामी करावयाची झाल्यास त्या कानात मेख मारतात. उखळी तोफेचे नाव तर सरळ माजघरातून आलेले आहे. सुतरनाळ, गजनाळ या शब्दांत जसा नळीचा आकार नावाला कारण झाला, तसा येथे पोकळ पोटाचा आकार झाला. पुढे तुर्कीतून आलेल्या 'तोफ' शब्दाने 'भांडे' याला या क्षेत्रातून हुसकावून लावले, आणि आज हा अर्थ सुशिक्षित वाचकालाही सांगावा लागतो.

याचा परिणाम मोडी कागद वाचणाऱ्यावर होतो. एखाद्या ठाण्याच्या जाबत्यात 'भांडी' आणि पुढे केवळ आकडा असेल, तर वाचकाने काय समजावे? 'पितळी' हे विशेषण निर्णय देत नाही, कारण तोफाही मिश्र धातूंच्या ओतीत असत आणि हंडेही पितळेचे असत. 'थोर' आणि 'लहान' ही विशेषणे दोहोंना सारखीच लागू पडतात. मुदपाकखान्याची भांडी मोजून गडाचे बळ अधिक दाखविणे किंवा तोफा घागरींत जमा करून ते कमी दाखविणे, या दोन्ही चुका एकाच शब्दामुळे होऊ शकतात. म्हणून अशा ठिकाणी शब्द सुटा न वाचता त्याच्या शेजाऱ्यांसह वाचावा. आगेमागे जंबुरे, गोळे, दारू, गाडे असतील तर भांडी म्हणजे तोफा; तपेली, पराती, तांबे असतील तर स्वयंपाकाची. क्रियापदही साक्ष देते: तोफा चढवितात, बसवितात, डागतात. जेथे शेजारी शब्दही नाही आणि क्रियापदही नाही, तेथे संपादकाने आपल्या मनाने 'तोफा' असा अर्थ कंसात घालण्यापेक्षा मूळचे 'भांडी' तसेच ठेवावे आणि दोन्ही शक्यता टीपेत नोंदवाव्यात.