रॅम टाकली आणि लॅपटॉप मुका झाला

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. शिवाजी-पेशवे नाही, आपल्या लॅपटॉपचा :)

चंद्रपूर-गडचिरोलीकडून पुण्या-मुंबईला येऊन आयटीत चिकटलेल्या प्रत्येकाला हा फोन ओळखीचा असेल. "दादा, नवीन रॅम टाकली ना, तेव्हापासून लॅपटॉप सुरूच नाही होऊन राहिला." पंखा फिरतो, लाइट लागतो, स्क्रीन मात्र काळीकुट्ट. इथे बसून "अरे दुकानात दाखव" म्हणणं सोपं आहे हो! अहेरी-एटापल्लीच्या पोराला बरं दुकान म्हणजे चंद्रपूर, शंभराच्या वर किलोमीटर. तिथे हात वर केले की नागपूर, आणखी दीडशे. आणि "मदरबोर्ड गेला" हे निदान दुकानदाराला सगळ्यात सोपं, आपल्याला सगळ्यात महाग. प्रत्यक्षात अपग्रेडनंतर स्क्रीन काळी राहिली तर बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. मशीनला आत जे सापडलं ते पटलेलं नसतं, एवढंच.

हे पटणं-न पटणं आलं कुठून?

आयबीएमचा पहिला पीसी आला १२ ऑगस्ट १९८१ ला. (गडचिरोली चंद्रपुरातून वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे पीसी आपल्या जिल्ह्यापेक्षा वर्षभराने मोठा!) त्याच्या सगळ्यात साध्या मॉडेलमध्ये मेमरी होती १६ केबी. पण आपल्याकडे मेमरी किती आहे हे त्या बिचाऱ्याला स्वतःहून कळायचंच नाही. मदरबोर्डवर चिमुकले डिप स्विच असायचे. मेमरी वाढवली की डबा उघडायचा आणि ते स्विच खाली-वर करून मशीनला सांगायचं, "बाबा रे, आता एवढी आहे." कमी सांगितली तर नवी मेमरी नुसतीच पडून. जास्त सांगितली तर चाचणीत ती सापडायची नाही आणि स्क्रीनवर २०१ नंबरचा एरर.

ही चाचणी म्हणजेच पोस्ट, पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट. सगळं ठीक असेल तर एक छोटा बीप. बीपच का? कारण डिस्प्लेच बिघडला असेल तर मशीन बोलणार कशाने? हा बायॉस लिहिणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली यांनीच कंट्रोल-आल्ट-डिलीट पण दिलं. माणूस दूरदृष्टीचा म्हणायचा!

१९८४ च्या आयबीएम एटीमध्ये मेमरीचे स्विच गेले आणि बॅटरीवर चालणारी सीमॉस चिप आली. मेमरीचा आकडा आता तिच्यात लिहून ठेवलेला. नवी मेमरी टाकली की नोंद आणि प्रत्यक्ष जुळायचं नाही, १६४ एरर यायचा, मग फ्लॉपीवरचा सेटअप चालवून नोंद सुधारायची. म्हणजे "अपग्रेड केलं आणि अडकलं" ही तक्रार तेव्हापासूनची आहे. फरक एकच, तेव्हाचं मशीन निदान नंबर तरी सांगायचं.

पुढे फिनिक्स, अवॉर्ड, एएमआय असे बायॉसवाले आले (एएमआय १९८५ मध्ये अमेरिकेत काढणाऱ्यांत एस. शंकर हे आपले भारतीय). आणि दर बारा कोसांवर भाषा बदलते तसं बीपचं झालं. एएमआयचे तीन बीप म्हणजे सुरुवातीच्या ६४ केबी मेमरीत घोटाळा. अवॉर्डमध्ये मेमरीसाठी लांब बीप, तोच पुन्हा पुन्हा. नंतर लॅपटॉप इतके पातळ झाले की बऱ्याच मॉडेलांतला बीपही गेला. आता कॅप्स लॉकचा किंवा बॅटरीचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते मोजून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघायचं. कोण मोजतं? पण मोजा, फुकट आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी रॅमच्या पट्टीवरच एक बारकी चिप बसली. एसपीडी तिचं नाव. पट्टी आता स्वतःच सांगते, मी एवढी, माझा वेग इतका. माणूस मधून गेला, झंझट संपली... असं वाटलं होतं!

पण डीडीआर-३ घ्या. जुनी १.५ व्होल्टची आणि नंतरची १.३५ व्होल्टची, दोघींची खाच एकाच जागी. बसतात झकास. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या (२०१३) बऱ्याच लॅपटॉपना मात्र १.३५ चीच लागते. दुसरी टाकली की स्क्रीन काळी, आणि कारण सांगायला कोणी नाही.

दुसरी गोष्ट ट्रेनिंगची, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. हल्लीची मेमरी इतकी वेगवान आहे की रॅम बदलल्यावर पहिल्यांदा चालू करताना मशीन सिग्नलचं टायमिंग स्वतः जुळवत बसतं. डीडीआर-५ ला यात काही मिनिटंही जातात, आणि तोवर स्क्रीन काळीच. आपण अर्ध्या मिनिटात वैतागून बटण दाबून बंद करतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरू!

एसएसडी टाकली असेल आणि स्क्रीनवर "नो बूटेबल डिव्हाइस" आलं, तर उलट आनंद माना. पोस्ट पास झाली. तिथे भांडण जुना बायॉस आणि नवं यूईएफआय यांचं असू शकतं. जुन्या पद्धतीने तयार केलेली डिस्क यूईएफआयला उमजत नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय. असो.

तर फोनवर सांगायचं काय? चार्जर काढ, बॅटरी काढ किंवा तिचं कनेक्टर सोडव, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धर. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने पूस. घुग्घुस-बल्लारपूरकडे कोळशाची धूळ कुठेही शिरते. त्याआधी एखाद्या लोखंडी नळाला हात लाव, तिकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्टॅटिक भरपूर असतं. नवी पट्टी बसव, चार्जर लाव, चालू कर आणि दहा मिनिटं हातसुद्धा लावू नकोस. नाहीच झालं तर पुन्हा वीज तोडून जुनी पट्टी घाल. तिच्यावर सुरू झाला तर मदरबोर्ड शाबूत आहे, कोणी काहीही म्हणो. मग नवी पट्टी बिलासकट दुकानदाराला परत, आणि येताना पट्टीवरचा व्होल्टचा आकडा वाचून दुसरी आणायची.