दादीचा मरहम, काकूंचा मलम

थंडी सुरू झाली की आमच्या वाशीम जिल्ह्यात हातपाय उलतात. कपाशी वेचणाऱ्या बायांची बोटे बोंडांच्या टोकांनी आधीच ओरखडलेली असतात, त्यात कोरडा वारा. माझ्या दादीकडे यावर एकच इलाज होता. एक चमचा मधमाश्यांचे मेण, चार-पाच चमचे तिळाचे तेल. गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत दोन्ही वितळवायचे आणि गार होईपर्यंत ढवळत राहायचे. दादी त्याला 'मरहम' म्हणायची, शेजारच्या काकू 'मलम'.

मागच्या हिवाळ्यात मी ती डबी वर्गात नेली. एका मुलीने अगदी सरळ मनाने विचारले, "मॅडम, हे मुसलमानांचं औषध आहे का?" मी तेव्हा हसले, पण तिला नीट उत्तर द्यायला हवे होते. ते आज लिहिते.

गॅलन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. त्याचे गाव पर्गामम, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले बर्गामा. मेण, तेल आणि पाणी घोटून केलेला एक लेप त्याच्या नावाने ओळखला जातो. त्यातले पाणी उडताना त्वचेला गारवा लागतो. 'कोल्ड क्रीम' हे नाव त्यावरूनच पडले. मेणाच्या अशा लेपाला ग्रीक भाषेत 'केरोते' म्हणत. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने गॅलनचे ग्रंथ सुरयानी आणि अरबी भाषांत आणले. केरोतेची अरबीत 'कैरूती' झाली. युनानी हकीम आजही हाच शब्द वापरतात. 'युनानी' याचा अर्थच मुळी ग्रीक. पुढे अंदलुसमधल्या अल-जहरावीने आपल्या तीस भागांच्या वैद्यकग्रंथाचा एक अख्खा भाग सौंदर्यप्रसाधनांना दिला.

म्हणजे हे सगळे बाहेरून आले का? तसेही नाही. आयुर्वेदात मेण आणि तिळाच्या तेलाचे 'सिक्थतैल' आहे. सिक्थ म्हणजे मेण. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाची दिनचर्या दिली आहे, तीत ओठांना मेण लावण्याचा उल्लेख येतो. त्याच ग्रंथात वत्सगुल्माचेही नाव येते. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विदर्भातल्या किराणा दुकानात आजही आमसुलाच्या तेलाचा गोळा मिळतो. तो थोडा वितळवून टाचांना लावणाऱ्या आज्या सर्व समाजांत आहेत.

दादीची कृती यांपैकी कोणत्या वाटेने आली, ते ती सांगू शकली नसती. तिला सासूने शिकवले, सासूला तिच्या आईने. हकिमांची नावे ग्रंथांत राहिली, चुलीजवळच्या बायांची राहिली नाहीत. पण भाषेने थोडी नोंद ठेवली आहे. मराठीतला 'मलम' हा अरबी 'मरहम'पासून आला. 'गुलाब' फारसी, गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. मूळ अर्थ गुलाबपाणी, मराठीत त्याचे फूलच झाले. काकू आणि दादी एकच शब्द दोन तऱ्हांनी बोलत होत्या.

करून बघणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हा लेप त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी उडू देत नाही. म्हणून हात धुऊन, किंचित ओले असतानाच लावावा. दादीच्या डबीत पाणी नसे, म्हणून ती हिवाळाभर टिके. गुलाबपाणी घातले तर लेप मऊ होतो, पण पाणी सुटते आणि तो लवकर खराब होतो. पाणी सुटू नये म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखानदार त्यात टाकणखार घालू लागले. घरी तो खटाटोप नको. थोडाच करावा आणि लवकर संपवावा. आधी मनगटावर लावून पाहावा. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, तर डॉक्टरकडे जावे.

त्या दिवशी तास संपल्यावर ती मुलगी पुन्हा माझ्याकडे आली. तिची आई कापूस वेचायला जाते. "थोडं आईसाठी देता का?" मी डबीच देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तिने ती धुऊन परत आणली आणि कृती मराठीत लिहून घेतली. वरती नाव लिहिले, 'मॅडमच्या दादीचा मलम'.