दोन नळ, एक तोटी आणि आपलं गाळणं



बेसिनला मिक्सर बसवायचा की साधे दोन नळ, हा प्रश्न घर दुरुस्तीला काढलं की येतोच. त्यामागचा इतिहास कळला की निवड सोपी जाते.

मुंबईत 1860 मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने आलं. त्याआधी शहर विहिरी आणि तलावांवर चालायचं. विहिरीचं पाणी गाळलं की गाळण्यावरचे जीव त्याच विहिरीत हळूच परत सोडायचे, ही आपली जीवाणीची रीत. नळाने ती साखळी तोडली. पाणी कुठल्या तलावातून आलं, ते समोर दिसेना. मग आपल्या बायकांनी नळाच्या तोंडालाच गाळणं बांधलं. अभिषेकासाठी मात्र कितीतरी मंदिरांनी आपली विहीर राखली, ती याच कारणाने.

गरम-गारचे नळ वेगळे ठेवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये फार टिकली. तिथे गरम पाणी माळ्यावरच्या टाकीतून यायचं आणि ते पिण्यालायक मानत नसत. म्हणून ते गार पाण्यात मिसळू द्यायचं नाही.

अमेरिकेत 1937 मध्ये आल्फ्रेड मोएन या विद्यार्थ्याचा हात दोन दांड्यांच्या नळाखाली अचानक आलेल्या गरम पाण्याने पोळला. एकाच दांडीने पाणी किती आणि किती गरम, हे दोन्ही ठरावं, असा नळ करायचं त्याने मनावर घेतलं. मधे महायुद्ध आलं, पितळ मिळेना. त्याचा नळ बाजारात आला तो 1947 मध्ये. 1954 मध्ये अ‍ॅलेक्स मनूगियन यांनी आत फिरणारा गोळा असलेला डेल्टा नळ आणला. आजच्या बऱ्याच मिक्सरांत आत सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्या एकमेकींवर सरकतात, म्हणून वायसर झिजून नळ गळायचा त्रास कमी होतो.

आता आपल्या कामाचं. गीझरचं पाणी तापवलेलं असतं, उकळलेलं नसतं. त्यामुळे ते प्रासुक होत नाही. शिवाय मिक्सरची दांडी मधोमध असली की त्यात कच्चं पाणी मिसळतंच. मुनिराजांच्या आहाराचं किंवा व्रताचं पाणी म्हणून या नळाकडे बघूच नये. ते चुलीवरच, गाळून, उकळून. तोटीच्या टोकाला असते ती जाळी हवा मिसळून धार मऊ करण्यासाठी. तिची भोकं मोठी असतात, ती आपल्या दुहेरी कापडाची जागा घेत नाही.

मग मिक्सर घेऊच नये का? बेसिनला जरूर घ्यावा. जाळीमुळे कमी पाण्यात हात धुऊन होतात आणि पाण्याचा प्रत्येक थेंब जीवांचा, असं मानणाऱ्या आपल्याला हे मोलाचं आहे. अमेरिकेत 1992 च्या कायद्याने बेसिनच्या नळाला मिनिटाला सुमारे 8.3 लिटरची मर्यादा घातली. दुकानात हाच आकडा विचारा, तो जितका कमी तितकं बरं. जाळी उघडून धुता येते का, तेही बघा. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असेल, तर कमी दाबावर चालणाराच नळ मागा. हात धुताना दांडी गारकडे ठेवायची सवय मुलांना लावा, नाहीतर दर वेळी गीझरचं पाणी ओढलं जातं.

आणि स्वयंपाकघरातला एक नळ साधा, सरळ तोटीचा राहू द्या. गाळणं घट्ट बसतं ते तिथेच.