बर्फावरील चाक आणि त्याचा लगाम

बर्फात रुतलेली मोटार ज्यांनी पाहिली असेल, त्यांना एक गोष्ट चांगली आठवत असेल. एंजिन जोराने गर्जत असते, एक चाक भोवऱ्यासारखे गरगर फिरत असते, आणि गाडी मात्र तसूभरही पुढे सरकत नाही. विशेष हे की, त्याच आसावरचे दुसरे चाक स्वस्थ उभे असते. कित्येकदा त्याच्याखाली चांगली कोरडी जमीनही असते. एंजिनात शक्ती आहे, पायाखाली जमीन आहे, मग गाडी अडते कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर यंत्रज्ञांना लवकरच उमगले होते. परंतु ते उत्तर प्रत्यक्ष गाडीत बसवावयास मोटारीच्या जन्मापासून शंभर वर्षे जावी लागली.

आपल्याकडील बैलगाडीला ही अडचण कधीच आली नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर चालते, आतले कमी चालते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. गाडी ओढण्याचे काम बैल करतात, आणि जमीन धरून ठेवतात ते बैलांचे खूर. चाकाने केवळ फिरावयाचे असते. मोटारीत मात्र बैल नाहीत. तेथे चाकानेच फिरावयाचे आणि चाकानेच जमिनीला मागे रेटून गाडी पुढे न्यावयाची. म्हणजे एंजिनाची शक्ती दोन चाकांना पोचवावयाची, आणि तरीही वळणावर त्या दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यावयाचे, असा हा पेच होता.

तो पेच फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर या यंत्रज्ञाने मोटारीच्या कितीतरी आधी, म्हणजे १८२७ च्या सुमारास, वाफेच्या गाडीसाठी सोडविला. त्याच्या दातेरी चक्रांच्या योजनेला डिफरन्शियल म्हणतात. पुढे १८८६ साली कार्ल बेंझ यांनी जर्मनीत आपल्या तीन चाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या गाडीतही ही युक्ती होती. आजही बहुतेक प्रत्येक मोटारीत ती असते.

परंतु या युक्तीतच एक उणीव दडलेली आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना गती वेगवेगळी घेऊ देते, पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटते. एक चाक बर्फावर आणि दुसरे कोरड्या डांबरावर असेल, तर बर्फावरच्या चाकाला जेवढा जोर पेलवतो तेवढाच डांबरावरच्या चाकाला मिळतो. दोघांत जो दुबळा, त्याच्या मापाने सबळालाही शिधा मिळावा, तसा हा प्रकार आहे. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक सुमारे ०.८ असतो, दाबून बसलेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो, आणि निसरड्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहूनही खाली जातो. शिवाय कडाक्याच्या थंडीतील बर्फापेक्षा वितळण्याच्या बेतात आलेला बर्फ अधिक घातक असतो, कारण त्याच्या पृष्ठावर पाण्याचा पातळ थर असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चाक घसरून फिरू लागले की त्याची उरलीसुरली पकडही कमी होते. ते खालचा बर्फ घासून गुळगुळीत करते आणि स्वतःसाठीच खड्डा खणते. इतकेच नव्हे, तर असे चाक आडव्या दिशेनेही गाडी धरून ठेवू शकत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची शेपटी त्यामुळे एका बाजूला फिरते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी सुकाणू फिरविले तरी सरळच जाते. समोरून वाहन येत असेल, अथवा बाजूला दरी असेल, तर ही केवळ गैरसोय राहत नाही. तेथे प्राणाशी गाठ असते.

प्रारंभीचे सर्व उपाय पकड वाढविण्याचे होते. न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड याने १९०४ साली टायरवर चढवावयाच्या साखळ्यांचे पेटंट मिळविले. चिखलात आणि बर्फात चालक चाकांना दोर गुंडाळतात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. फिनलंडमधील एका रबर कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर काढला, आणि १९३६ पासून साध्या मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ या नावाचा टायर बाजारात आणला. दुसरा मार्ग डिफरन्शियललाच थोडे आवरण्याचा होता. एक चाक फार वेगाने फिरू लागले की आतील घर्षणाने दोन्ही चाके काही अंशी जखडावीत, अशी रचना १९३० नंतरच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांसाठी जर्मनीत झाली, आणि १९५६ साली अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने ती विक्रीच्या गाड्यांत देऊ केली. या योजनेने लाभ झाला. परंतु दोन्ही चाके बर्फावर असतील तर ती निरुपयोगी ठरे, आणि कित्येकदा दोन्ही मिळून घसरत.

मग विचाराची दिशा बदलली. पकड वाढविता येत नसेल, तर जोर आवरावा. कुशल चालक हेच करतो. चाक घसरल्याचे जाणवताच तो पाय हलका करतो. पण माणसाला ते जाणवेपर्यंत चाक कित्येक फेरे फिरून गेलेले असते, आणि चारांपैकी नेमके कोणते चाक घसरले हे त्याला कळत नाही. अमेरिकेच्या ब्यूइक कंपनीने १९७१ च्या गाड्यांत ‘मॅक्सट्रॅक’ नावाची योजना आणली. पुढच्या चाकाची गती आणि एंजिनाकडून मागे जाणारी गती यांची तुलना एक लहानसे विद्युत्‌यंत्र करीत असे, आणि मागची चाके घसरताहेत असे दिसताच क्षणभर एंजिनाची ठिणगी तोडीत असे. कल्पना बरोबर होती, परंतु ती योजना थोड्याच वर्षांत मागे पडली.

खरी पायाभरणी ब्रेकच्या बाजूने झाली. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९७८ साली मर्सिडीझ गाडीत, ब्रेक दाबताना चाक जखडू न देणारी यंत्रणा बसविली. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडे आणि त्याजवळ चुंबकाचे वेटोळे असते. चाक फिरताना प्रत्येक दात वेटोळ्यापुढून जातो आणि विजेचा एक ठोका उमटतो. ठोके मोजले की त्या चाकाची गती कळते. ब्रेक लावताना चाक थांबते हे ज्या यंत्राला कळते, त्याला गाडी निघताना चाक वाजवीपेक्षा जोराने फिरते, हेही कळावयास हरकत नव्हती. नाणे तेच, बाजू दुसरी.

स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने १९८५ साली एंजिनाचा जोर आवरणारी विद्युत्‌यंत्रणा आणली. १९८६ साली बॉशची यंत्रणा एंजिन आणि ब्रेक या दोहोंचा उपयोग करीत पुढे आली. हिलाच आज ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे कर्षण-नियंत्रण, म्हणतात. एक चाक घसरू लागले की ही यंत्रणा चालकाच्या पायाची वाट न पाहता, स्वतःच्या पंपाने त्या एकाच चाकाचा ब्रेक दाबते. येथे डिफरन्शियलचा जुना दोषच कामास येतो. ब्रेक लागलेल्या चाकाला फिरविण्यास आता अधिक जोर लागतो, आणि जोर तर दोघांना सारखाच वाटला जातो. म्हणून कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच अधिक जोर मिळतो, आणि गाडी हलते. दोन्ही चाके घसरत असतील, तर एंजिनाचाच जोर कमी केला जातो. घसरण मुळीच नसावी असा हट्ट मात्र यंत्र धरीत नाही. चाकाची गती गाडीच्या गतीहून थोडी, साधारणतः दहा ते वीस टक्के, अधिक असताना टायर जमीन सर्वांत चांगली धरतो. यंत्राने त्याला त्या मर्यादेत ठेवावयाचे असते.

अशा यंत्रांची परीक्षा उत्तर स्वीडनमधील आर्येप्लोग या लहान गावाजवळ, गोठलेल्या तळ्यांवर होते. या कामातूनच पुढची पायरी आली. गाडी सुकाणूच्या दिशेने न जाता भलतीकडे फिरू लागली, तर एकेका चाकाचा ब्रेक लावून तिला मार्गावर आणणारी स्थैर्ययंत्रणा १९९५ साली मर्सिडीझमध्ये बसविली गेली. तिच्या रचनेत बॉशचे अभियंते आन्टोन फान झांटेन यांचा मोठा वाटा होता. १९९७ साली स्वीडिश पत्रकारांच्या चाचणीत मर्सिडीझची नवी छोटी गाडी अचानक वळवताना उलटली, तेव्हा कंपनीने ती यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट बसविली. महागड्या गाडीची चैन मानली जाणारी वस्तू अशा रीतीने सामान्यांपर्यंत आली. पुढे अमेरिकेने २०१२ च्या गाड्यांपासून आणि युरोपीय संघाने २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना तिची सक्ती केली.

एवढे सांगितल्यावर या यंत्राला काय करता येत नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. कारण बहुतेक गैरसमज तेथेच आहेत. हे यंत्र बर्फाची पकड तिळभरही वाढवीत नाही. आहे ती वाया जाऊ देत नाही, इतकेच. निघताना ते मदत करते, थांबताना करीत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यापासून कोरड्या डांबरावर सुमारे १२ मीटरांत थांबत असेल, तर दाबल्या बर्फावर तिला सुमारे ५० मीटर, आणि निसरड्या गोठलेल्या पाण्यावर जवळजवळ १०० मीटर लागतात. ज्या यंत्रामुळे गाडी बर्फावरून सहज निघाली, त्याच यंत्रावर विसंबून वेग वाढविणारा चालक हा हिशेब विसरतो. गाडी सुखाने चालते म्हणून रस्ता चांगला आहे, असे त्याला वाटू लागते.

तसेच भुसभुशीत खोल बर्फात गाडी रुतली असता, यंत्र सारखा जोर आवरीत राहते आणि गाडी जागची हलत नाही. तेथे चाक थोडे फिरून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचणे इष्ट असते. म्हणून पुष्कळ गाड्यांत हे यंत्र तात्पुरते बंद करण्याचे बटण दिलेले असते. गाडी बाहेर निघताच ते पुन्हा चालू करावयास मात्र विसरू नये.

हिवाळ्यात मनाली किंवा गुलमर्गकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांना तेथील चालक अजूनही चाकांवर साखळ्या चढविताना दिसतात. कोणाला ते जुनाट वाटेल. पण साखळी पकड निर्माण करते आणि यंत्र ती सांभाळते, ही दोन कामे वेगळी आहेत. इकडे चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात बर्फ नसतो, तरी पावसाळ्यात ओल्या मातीने रस्ता निसरडा होतो, आणि तेथेही हेच यंत्र हेच काम करते. गाडीच्या फळीवर घसरणाऱ्या मोटारीचे लहानसे पिवळे चित्र लुकलुकू लागले, की यंत्राने एक चाक सावरले असे समजावे, आणि आपला पाय हलका करावा. रस्त्याने धाडलेली ती सूचना आहे. तिचा अर्थ ओळखणे हे अद्याप चालकाचेच काम आहे.