सुरकुतलेली बोटं आणि परतणारी नस

चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर मासळी धुणाऱ्या बायकांना आम्ही एकदा विचारलं, की हात बराच वेळ पाण्यात राहिले म्हणजे बोटं सुरकुततात ती का? उत्तर आलं, "कातडी पाणी पिते, दुसरं काय!" साठ वर्षं आम्हीही तेच समजत होतो. पण मग नस तुटलेल्या बोटावर सुरकुत्या का येत नाहीत? कातडी तीच, पाणीही तेच.

आपल्या बोलीत 'नस' म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. आज घोटाळा नको, म्हणून रक्ताची ती शीर आणि निरोपाची ती नस, असं धरून चालू. शिरेभोवती स्नायूंचं वेष्टण असतं आणि त्याला आवळायला सांगणाऱ्या नसा अनुकंपी चेतासंस्थेच्या. मूळ नाव 1732 साली पॅरिसमध्ये विन्स्लो यांनी रूढ केलं. एका अवयवाचं दुःख दुसऱ्याला कळतं, या जुन्या ग्रीक कल्पनेवरून. आपल्याकडचा शब्द तर अधिक नेमका: अनु-कंप, दुसऱ्यापाठोपाठ कंप पावणं. (अनुकंपा तत्त्वावरची नोकरी आठवून कोणी हसलं तर हसू द्या.)

1851 साली क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतली ही नस कापली. कान गार पडेल अशी त्यांची अटकळ होती. कान तापला! शिरा सैल पडून रक्त भरलं होतं. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी कापलेल्या नसेच्या वरच्या टोकाला विजेचा प्रवाह दिला, तेव्हा शिरा पुन्हा आवळल्या. आम्हाला यात मौज वाटते ती चुकलेल्या अटकळीची. बर्नार यांनी ती लपवली नाही.

कापलेली नस संपली का? नाही. वॉलर यांनी 1850 मध्येच दाखवलं होतं, की तुटल्यावर पलीकडचा तुकडा झडतो. अलीकडून मात्र नवा कोंब फुटू शकतो. वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. म्हणजे मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने सहज. या मधल्या काळात शीर बेवारस असते. आधी ती सैल पडते, बोट गरम लागतं. नंतर रक्तातल्या अ‍ॅड्रेनलिनला ती गरजेपेक्षा जास्त दाद देऊ लागते. बोईसरच्या एमआयडीसीत प्रेसमध्ये हात सापडलेला कामगार टाके निघाल्यावर कामावर जातो, थंडीत बोट पांढरं पडून ठणकतं, आणि फोरमन म्हणतो, जखम तर भरली, आता नाटक कशाला? नाटक नाही हो ते. नस अजून वाटेत आहे.

आणि ती वाट चुकत कशी नाही? केंब्रिजच्या लँग्ली यांनी 1895 साली मांजराच्या मानेतली अनुकंपी नस कापून पुन्हा वाढू दिली. मणक्याच्या एका मुळातून येणारे तंतू पूर्वी डोळ्याची बाहुली मोठी करत, दुसऱ्या मुळातले कानाच्या शिरा आवळत. वाढून आल्यावरही ज्याचं काम त्याच्याकडेच! लँग्ली म्हणाले, यात काहीतरी रासायनिक ओळख असावी. हाक मारणारं एक द्रव्य पुढे 1950 च्या दशकात रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना सापडलं. मुसोलिनीच्या वंशकायद्यांनी विद्यापीठाबाहेर काढल्यावर तुरीनमध्ये झोपण्याच्या खोलीत कोंबडीच्या अंड्यांवर काम केलेली ही बाई. 1986 साली नोबेल मिळालं. ते द्रव्य शिरेचे स्नायू स्वतः तयार करतात. त्यामुळे नस शिरेवर 'नियंत्रण परत मिळवते' हे वाक्य आम्हाला अर्धवट वाटतं. जिच्यावर हुकूम चालायचा, तीच हुकूम देणारीला बोलावून घेते.

नेहमीच बोलावणं पोचतं असंही नाही. कुष्ठरोगात नसाच मरतात, आणि आपल्या पालघर जिल्ह्यातून तो अजून गेलेला नाही. डॉ. नोशिर अँटिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा हातांवर शस्त्रक्रिया करत. स्नायूबंध फिरवून वाकडी बोटं पुन्हा कामाला लावता येतात; घाम आणि शिरांची जाग मात्र सुरीने परत येत नाही.

आता सुरकुत्यांकडे. पाण्यात अनुकंपी नसा बोटांच्या शिरा आवळतात, आतला भराव कमी होतो, कातडी आत ओढली जाते. आयर्लंडचे शल्यविशारद ओ'रियान यांनी 1973 साली याचीच चाचणी केली: चाळीस अंशांचं कोमट पाणी, अर्धा तास. नस परत येत असेल तर गुळगुळीत राहणारं बोट हळूहळू सुरकुतू लागतं. स्पर्श त्याच दिवशी येईल असं मात्र नाही. तो वेगळ्या तंतूंचा प्रवास. ज्यांचं बोट शिवलेलं आहे, त्यांनी महिन्यातून एकदा भांड्यात हात बुडवून बघावं. पाणी फार कढत नको. त्या बोटाला चटका कळत नसतो.