सर्व्हर पुरवठादाराची निवड

अनेक वापरकर्त्यांना किंवा इतर संगणकांना एकाच ठिकाणाहून माहिती, आज्ञावल्या व साठवणीची सोय पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर असे म्हणतात. बँकेतील खाती, कारखान्यातील मालसाठ्याच्या नोंदी, पगारपत्रके, प्रवासाचे आरक्षण इ. कामे त्यावर चालतात. सर्व्हर कोणत्या कंपनीकडून घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता किंमत व वेग यांच्या तुलनेचा वाटतो. परंतु व्यावसायिक संगणकाच्या सु. सत्तर वर्षांच्या इतिहासात खरेदीदारांना ज्या मोठ्या अडचणी आल्या, त्यांतील बहुतेक यंत्राच्या वेगामुळे आलेल्या नाहीत. यंत्र बंद पडल्यावर ते दुरुस्त कोण करणार आणि पुरवठादार बदलावयाचा झाल्यास आपल्या आज्ञावल्या व माहिती बरोबर नेता येईल की नाही, या दोन बाबींतून त्या उद्भवल्या आहेत. सर्व्हर हा शब्द रूढ होण्यापूर्वी हीच कामे मध्यवर्ती मोठ्या संगणकांवर होत. त्यामुळे निवडीचा इतिहासही तेथूनच पाहावा लागतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रारंभी यंत्रे प्रामुख्याने भाडेपट्टीने दिली जात. छिद्रित पत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्रांच्या काळापासून इंटरनॅशनल बिझिनेस मशीन्स (आयबीएम) या कंपनीची हीच पद्धत होती. १९५६ मध्ये न्यायालयामार्फत झालेल्या तडजोडीनंतर तिला यंत्रे विक्रीसही ठेवावी लागली. तथापि पुष्कळ ग्राहकांनी भाडेपट्टीच पसंत केली. १९५९ मध्ये जाहीर झालेल्या १४०१ या संगणकाचे भाडे दरमहा सु. २,५०० डॉलरपासून सुरू होत असे. भाड्यातच देखभाल, आज्ञावल्या व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण येई. ग्राहकाला वेगळी चिंता नसे, मात्र कोणत्या गोष्टीसाठी आपण किती पैसे देतो हेही त्याला कळत नसे.

त्या काळी एकाच कंपनीच्या दोन यंत्रमालिकांतही मेळ नसे. मोठे यंत्र घ्यावयाचे तर आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मालिकेने ही अडचण दूर केली. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली मालिकेतील मोठ्या यंत्रावरही चालू लागली. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. पण आज्ञावल्यांचा साठा जसजसा वाढत गेला, तसतसे त्या मालिकेबाहेर पडणे महाग होत गेले.

आयबीएमच्या प्रतिस्पर्ध्यांत बरोज, युनिव्हॅक, एनसीआर, कंट्रोल डेटा, हनीवेल, आरसीए व जनरल इलेक्ट्रिक या सात कंपन्या होत्या. त्यांपैकी आरसीएने स्पेक्ट्रा ७० ही मालिका मुद्दाम सिस्टिम/३६० शी मिळतीजुळती बनविली. तथापि जनरल इलेक्ट्रिकने १९७० मध्ये आपला संगणक व्यवसाय हनीवेलकडे सोपविला आणि १९७१ मध्ये आरसीएनेही या क्षेत्रातून अंग काढून घेतले. तिचे ग्राहक युनिव्हॅक चालविणाऱ्या स्पेरी रँड कंपनीकडे गेले. आयबीएमचे यंत्र घेतल्याबद्दल कोणाची नोकरी गेलेली नाही, अशी एक उक्ती संगणक खरेदी करणाऱ्यांत प्रचलित होती. ती भित्र्या अधिकाऱ्याचे लक्षण म्हणून पुढे हिणविली गेली असली, तरी आरसीएच्या ग्राहकांना ती तितकी हास्यास्पद वाटली नसावी.

जून १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र, आज्ञावल्या व सेवा यांच्या किंमती वेगळ्या आकारण्याचे जाहीर केले. मक्तेदारीविरोधी खटला त्याच वर्षाच्या जानेवारीत दाखल झालेला होता. या घोषणेमुळे आज्ञावल्यांचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहण्यास चालना मिळाली. आयबीएममधून बाहेर पडलेले जीन अ‍ॅम्डाल यांच्या कंपनीने १९७५ मध्ये ४७० व्ही/६ हे यंत्र ग्राहकाला दिले. त्यावर आयबीएमच्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालत. आज्ञावल्या न बदलता मुख्य यंत्राचा निर्माता बदलण्याचा मार्ग मोठ्या ग्राहकांना यामुळे खुला झाला, आणि असा मार्ग आहे एवढे माहीत असणेही भावाच्या वाटाघाटीत उपयोगी पडे.

भारतात हा प्रश्न वेगळ्या व अधिक तीव्र स्वरूपात उभा राहिला. मुंबईतील एस्सो स्टँडर्ड ईस्टर्न या तेलकंपनीत १९६१ मध्ये बसविलेला आयबीएम १४०१ हा देशातील व्यावसायिक वापराचा पहिला संगणक मानला जातो. पुढील काळात हीच मालिका अनेक भारतीय कार्यालयांत आली. परदेशात वापरून झालेली यंत्रे नूतनीकरण करून येथे भाड्याने दिली जातात, अशी टीका त्यावर होत असे आणि ती निराधार नव्हती. परकीय चलनाची टंचाई व आयातीचे परवाने यांमुळे ग्राहकाला निवडीस वावच थोडा होता.

१९७३ च्या परकीय चलन नियमन अधिनियमानुसार बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातील आपला भागभांडवलाचा हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग पडले. ब्रिटिश कंपनी आयसीएलने ही अट स्वीकारली. पुणे येथे तिच्या भारतीय कंपनीचा कारखाना होता. आयबीएमने ती नाकारली आणि १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवसाय बंद केला. जेथे पगारपत्रके व हिशेब या यंत्रांवर चालत होते, तेथे यंत्र जागेवरच होते, पण त्यामागे उभी असणारी कंपनी निघून गेली होती. केंद्र शासनाने १९७५ मध्ये स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन (पुढे सीएमसी) या कंपनीकडे ही यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी आली. निरनिराळ्या निर्मात्यांची यंत्रे एकाच संस्थेने सांभाळावयाची, ही पद्धत येथे परिस्थितीच्या रेट्याने रूढ झाली. आयबीएमचे जाणे ही भारतीय संगणक उद्योगाला मिळालेली संधी होती, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे असले, तरी त्या वर्षी सुटे भाग शोधत फिरणाऱ्या कार्यालयांच्या बाजूने तो इतिहास क्वचितच लिहिला गेला आहे.

याच सीएमसीने १९८०–९० या दशकात नवी दिल्ली येथे रेल्वेची संगणकीय आरक्षणव्यवस्था उभारली. त्यासाठी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची व्हॅक्स यंत्रे निवडण्यात आली. व्हॅक्स मालिका १९७७ पासून बाजारात होती व तिची ख्याती चांगली होती. निवडीत चूक काढता येण्याजोगे काही नव्हते. परंतु १९९८ मध्ये डिजिटल ही कंपनी कॉम्पॅकने विकत घेतली आणि २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. ग्राहकाने एका कंपनीशी करार करावा आणि काही वर्षांनी दुसऱ्याच कंपनीचा प्रतिनिधी दारात उभा राहावा, हा अनुभव पुढेही अनेकांना आला. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली व आयबीएमचा इंटेल प्रक्रियकांवर आधारित सर्व्हरचा व्यवसाय २०१४ मध्ये लेनोव्होकडे गेला.

पुरवठादारावरील अवलंबित्व कमी करील अशी आशा युनिक्स या परिचालन प्रणालीने दाखविली होती. १९८८ मध्ये तिच्यासाठी पॉसिक्स हे प्रमाणही तयार झाले. ती अर्धीच फलद्रूप झाली, कारण प्रत्येक निर्मात्याने युनिक्सला आपापली जोड दिली. खरा बदल घडला तो वैयक्तिक संगणकांच्या बाजूने. कॉम्पॅकने १९८९ मध्ये सिस्टिमप्रो व १९९३ मध्ये प्रोलायंट हे सर्व्हर बाजारात आणले. पुढे डेल व इतर कंपन्या आल्या. प्रक्रियक बहुधा इंटेलचा व परिचालन प्रणाली विंडोज एनटी किंवा लिनक्स, अशी स्थिती झाल्यावर एका कंपनीचे यंत्र काढून दुसरीचे बसविणे तुलनेने सोपे झाले. निवडीचे निकष मग यंत्राच्या गाभ्याकडून कडेला सरकले : बिघाड कळविल्यावर तंत्रज्ञ चार तासांत येणार की पुढील कामाच्या दिवशी, तबकड्या व स्मृतीचे भाग दुसरीकडून घेतलेले चालतील काय, दुरून यंत्र चालू-बंद करण्याच्या सोयीला वेगळा परवाना लागतो काय, इत्यादी. २०१४ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने प्रोलायंट सर्व्हरच्या फर्मवेअरमधील अनेक सुधारणा हमीची मुदत चालू असलेल्या किंवा सेवाकरार केलेल्या ग्राहकांपुरत्या मर्यादित केल्या. जुनी यंत्रे विकत घेऊन काटकसर करणाऱ्या लहान संस्थांना याचा जाच अधिक झाला.

यंत्र व आज्ञावल्या यांचे पुरवठादार भांडू लागले म्हणजे काय होते, हे आयटेनियम या प्रक्रियकाच्या बाबतीत दिसले. ह्यूलेट-पॅकार्ड व इंटेल यांनी मिळून तो विकसित केला होता. मार्च २०११ मध्ये ओरॅकलने या प्रक्रियकासाठी आपल्या आज्ञावल्यांच्या नव्या आवृत्त्या काढणार नसल्याचे जाहीर केले. ह्यूलेट-पॅकार्डने दावा लावला, २०१२ मध्ये न्यायालयाचा निर्णय तिच्या बाजूने लागला आणि २०१६ मध्ये ज्यूरीने तिला ३ अब्ज डॉलर नुकसानभरपाई ठरवून दिली. दावा जिंकला गेला, पण प्रक्रियक टिकला नाही. २०२१ मध्ये त्याचा पुरवठा थांबला. ही यंत्रे घेतलेल्या ग्राहकांना दुसरीकडे स्थलांतर करण्याचा खर्च टळला नाही.

२००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने संगणनशक्ती तासाच्या दराने भाड्याने देण्यास प्रारंभ केला व यंत्र विकत न घेताही सर्व्हर मिळू लागला. येथे सुट्या भागांचा प्रश्न ग्राहकापुरता मिटला. आपली माहिती बाहेर काढून दुसरीकडे नेण्याच्या शुल्काचा प्रश्न मात्र पुढे आला. रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाने एप्रिल २०२३ मध्ये काढलेल्या व त्याच वर्षाच्या १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या निदेशांनुसार बँकांनी माहिती तंत्रज्ञानाच्या सेवा बाहेरून घेताना त्या सोडून देण्याची योजनाही आखून ठेवणे आवश्यक ठरले. यूरोपीय संघाचा माहितीविषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून त्यातील तरतुदीनुसार पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकाकडून त्यासाठीचे शुल्क १२ जानेवारी २०२७ पासून घेता येणार नाही.