फोकलोअर : एका शब्दाची हकीकत

इंग्रजींतून आपल्या बोलण्यांत आलेल्या कांहीं शब्दांची गंमत अशी आहे कीं, ते सर्वांस समजतात असें सर्वांस वाटतें, आणि म्हणूनच त्यांचा अर्थ कोणी पाहत नाहीं. 'फोकलोअर' हा त्यांपैकींच एक होय. घरांतील आजीबाई ग्रहणकाळीं पाळावयाचें कांहीं सांगूं लागल्या कीं, कॉलेजांत शिकणारा नातू 'दॅट इज मिअर फोकलोअर' म्हणून मोकळा होतो. उलट क्रिकेटवर लिहिणारा बातमीदार एखाद्या जुन्या खेळीविषयीं 'ती आतां फोकलोअरमध्यें जमा झाली' असें मोठ्या गौरवानें लिहितो. एकाच्या तोंडीं त्या शब्दाचा अर्थ 'खोटें', दुसऱ्याच्या लेखणींत 'अविस्मरणीय'. ज्यानें हा शब्द घडविला त्याच्या मनांत या दोहोंपैकीं एकहि अर्थ नव्हता.

बहुतेक शब्दांचे आईबाप सांपडत नाहींत. या शब्दाची मात्र जन्मतिथि ठाऊक आहे. लंडनच्या 'अथीनियम' या साप्ताहिकाच्या २२ ऑगस्ट १८४६ च्या अंकांत 'अँब्रोज मर्टन' अशा सहीचें एक पत्र छापून आलें. हें टोपणनांव होतें. खरे लेखक विल्यम जॉन थॉम्स. हे गृहस्थ लॉर्डांच्या सभेच्या कचेरींत कारकून असून जुन्यापुराण्या गोष्टींचे मोठे भोक्ते होते. तोंपर्यंत इंग्रज पंडित या विषयास 'पॉप्युलर अँटिक्विटीज' असें म्हणत. जॉन ब्रँड यांचा १७७७ सालचा ग्रंथ त्याच नांवाचा आहे. थॉम्स यांस हें लॅटिन वळणाचें जडशीळ नांव रुचेना. त्यांनीं सुचविलें कीं, त्याऐवजीं अस्सल सॅक्सन मातींतला एक जोडशब्द वापरावा. 'फोक' म्हणजे लोक, आणि 'लोअर' म्हणजे शिकविलेलें, शिकून आलेलें ज्ञान. इंग्रजी 'लर्न' आणि जर्मन 'लेअर' हे त्याचेच भाऊबंद. 'फादरलँड' हा शब्द इंग्रजींत आणल्याचें श्रेय जसें डिझरायली घेतात, तसें या शब्दाचें श्रेय आपलें, हेंहि त्या पत्रांत त्यांनीं नोंदवून ठेविलें. टोपणनांवाआड राहून श्रेयाचा हक्क सांगावा, हा प्रकार आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

पत्रांतील त्यांचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. याकोब ग्रिम यांनीं जर्मन पुराणकथांवरील आपल्या ग्रंथांत कक्कू पक्ष्याविषयींच्या समजुती दिल्या आहेत. हा पक्षी आपल्या कोकिळेच्याच कुळांतला. तो भविष्य जाणतो आणि तीन वेळां पोटभर चेरी खाल्ल्यावांचून गात नाहीं, असा तिकडे समज. थॉम्स यांच्या कानीं आलें कीं, यॉर्कशायरमधील मुलें पूर्वीं चेरीच्या झाडाभोंवतीं फेर धरून आपलें आयुष्य किती, असें कक्कूस गाण्यांतून विचारीत, आणि मग एकेकानें झाड हालवावें. जितकीं फळें पडतील तितकीं वर्षें त्याचें आयुष्य! एकटी पाहिली तर ही गोष्ट पोरखेळाची. पण ग्रिम यांच्या माहितीशेजारीं ठेवतांच दोन देशांतील एक जुनी समजूत त्यांत सांधलेली दिसते. अशा बारीकसारीक गोष्टी नाहींशा होण्यापूर्वीं वाचकांनीं टिपून पाठवाव्या, एवढीच थॉम्स यांची मागणी होती. कक्कूस आयुष्य खरोखर कळतें कीं काय, हा प्रश्न त्यांनीं विचारलाच नाहीं.

यावरून त्यांस खऱ्याखोट्याची चाड नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. याच थॉम्स यांनीं १८७३ सालीं मानवी दीर्घायुष्यावर एक पुस्तक लिहिलें, आणि शंभरी ओलांडून कितीतरी वर्षें जगल्याच्या प्रसिद्ध कथा एकामागून एक कसास लाविल्या. थॉमस पार हा १५२ वर्षें जगला, ही सर्वतोमुखीं झालेली गोष्टहि त्यांनीं पुराव्यावांचून मानली नाहीं. जन्माच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदी दाखवा, असा त्यांचा आग्रह. चेरी मोजून आयुष्य सांगणारीं मुलें ज्यानें कौतुकानें टिपलीं, त्यानेंच पुढें आयुष्याचे दाखले मागितले. अमुक गोष्ट लोक मानतात काय, हा एक प्रश्न. ती खरी आहे काय, हा दुसरा. 'मिअर फोकलोअर' म्हणणारा पहिल्या प्रश्नाचें उत्तर देऊन दुसरा सुटला असें समजतो.

शब्दास ही हीनता कशी आली? आमच्या मतें त्याचें मूळ 'फोक' या पहिल्या अर्ध्यांत आहे. एडवर्ड टायलर यांनीं १८७१ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा चालीरीतींस मागल्या अवस्थेचे उरलेले अवशेष ठरविलें, आणि लंडनची फोकलोअर सोसायटी १८७८ सालीं निघाली तेव्हां हेंच मत जोरांत होतें. लोक म्हणजे आपण नव्हे, लोक म्हणजे ते अडाणी! मग त्यांचें ज्ञान तें ज्ञान कसलें?

आपल्या इलाख्यांतील हकीकत या दृष्टीनें उद्बोधक आहे. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांची कन्या मेरी हिनें १८६५-६६ च्या हिवाळ्यांत दख्खनच्या दौऱ्यावर असतां आपल्या आयेकडून गोष्टी ऐकून लिहून घेतल्या. १८६८ सालीं त्यांचें 'ओल्ड डेक्कन डेज' हें पुस्तक झालें. आयेचें नांव अन्ना लिबराता डिसूझा. मूळचें लिंगायत, पुढें गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेलें तिचें घराणें. गोष्टी तिच्या आजीच्या. विशेष हा कीं, त्या पुस्तकांत अन्नेनें सांगितलेली तिची स्वतःची जीवनकथाहि छापली आहे. येथें 'लोक' या शब्दामागें एक नांव आहे, घर आहे, सोसलेलें दुःख आहे. पुढें नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीनें माहिती मागविली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें त्यांचा वध झाला. मागें राहिलेले कागद एन्थोव्हेन यांनीं जुळवून गुजराथचा भाग १९१४ त व कोंकणचा १९१५ त प्रसिद्ध केला. त्याच्या तळटीपांत अमुक गांवचा शाळामास्तर, तमुक गांवचा शाळामास्तर, असे उल्लेख ओळीनें येतात. आमच्या कित्येक वाचकांचे आजे-पणजे तेच नसतील कशावरून?

मराठींत 'लोकसाहित्य' हा शब्द रूढ झाला. दुर्गा भागवत यांचें 'लोकसाहित्याची रूपरेषा' १९५६ सालीं निघालें. शब्द गोड आहे, पण 'साहित्य' म्हणतांच मन ओव्या व कहाण्यांकडे धांवतें. बाळंतिणीचा काढा आणि खळ्यावरची पूजा बाहेरच राहते. 'लोअर' चें वजन 'विद्या' या शब्दांत अधिक उतरतें, म्हणून आम्हांस 'लोकविद्या' जवळचा वाटतो.

इंग्रजी लिहिणाऱ्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, आपण जसें 'ज्ञानें' म्हणत नाहीं, तसें इंग्रजींत 'फोकलोअर्स' म्हणूं नये. 'अ फोकलोअर' हेंहि अशुद्धच; एकच समजूत सांगावयाची असल्यास 'अ पीस ऑफ फोकलोअर' म्हणावें. एकच कथा असेल तर 'फोकटेल' हा वेगळा शब्द आहेच. थॉम्स यांनीं मध्यें घातलेली आडवी रेघ आतां गेली, ती परत आणण्याचें कारण नाहीं. आणि पंचांगांत नक्षत्राचें वाहन बेडूक आलें म्हणजे पाऊस भरपूर, ही समजूत 'फोकलोअर' आहे असें खुशाल लिहावें. त्या वर्षीं पाऊस पडो वा न पडो, वाक्य बरोबरच राहील.